पश्चिमेच्या कंपाउंडात सावलीसाठी चिवट देशी झाड कोणते लावावे?

पार्लेकर_पहिला_मजला

सर्वांना नमस्कार.

आमची सोसायटी विलेपार्ले पूर्वेला असून इमारत तीन मजली, बारा बिऱ्हाडांची आणि साधारण पन्नास वर्षांची आहे. पश्चिमेच्या बाजूला इमारत आणि कुंपणभिंत यांच्या मधे चौदा फूट रुंद आणि सुमारे साठ फूट लांब अशी पट्टी आहे; वायव्येच्या कोपऱ्यात ती बाहेर येऊन बावीस-तेवीस फुटांची होते आणि तेथे सध्या एक गाडी उभी असते. या पट्टीत इमारतीइतकाच जुना पर्जन्यवृक्ष होता. गेल्या दशकात मुंबईतील कितीतरी पर्जन्यवृक्षांना पिठ्या ढेकणाने ग्रासले, त्यांतच आमचाही सापडला. पाने विरळ झाली, शेंड्याकडून फांद्या वाळत आल्या आणि दोन वर्षांपूर्वी रीतसर परवानगी घेऊन तो काढावा लागला.

माझ्या आईचे वय ८१ आहे आणि तिची खाट अनेक वर्षे पश्चिमेच्या भिंतीला लागून होती. आता ती संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्या भिंतीला तळवा लावून पाहते आणि ‘अजून निवली नाही’ असे सांगून दाराजवळच्या गादीवर जाऊन बसते. सात वाजून गेलेले असतात, तरी भिंत खरोखरच तव्यासारखी गरम असते. मागच्या वर्षी आम्ही पडदे बदलले, खिडक्यांना काळी जाळी लावली. पण भिंतीवर पडणारे ऊन आतून अडवून उपयोग होत नाही, एवढेच त्यातून कळले.

या पावसाळ्यात झाड लावायचे हे सर्वसाधारण सभेत ठरले आहे, मात्र कोणते यावर एकमत नाही. एका सदस्यांना गुलमोहर हवा आहे, दुसऱ्यांना ‘दोन वर्षांत वर जाईल असे काहीही’ चालेल, तर सेक्रेटरींचे म्हणणे असे की खोट्या अशोकाची रांग लावावी, कारण त्याचा कचरा होत नाही. मला स्वतःला येथील मातीतले, फारसे लाड न मागणारे, देशी झाड लावावेसे वाटते. अडचणी अशा आहेत : इमारतीपासून चार फुटांवर ड्रेनेजची लाइन आणि तिचे तीन चेंबर आहेत, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात जमिनीखालची पाण्याची टाकी आहे, संपूर्ण पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत, आणि कुंपणापलीकडे गल्ली असल्याने फांद्या बाहेर किती जाऊ द्याव्यात याचाही विचार करावा लागेल. अशा जागेत किती झाडे मावतील, कोणती, आणि ती भिंतीपासून किती अंतरावर असावीत? ज्यांनी स्वतः झाडे लावून वाढवली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आळे_आणि_पाणी

माझी नोकरी बागकामातच गेली आणि निवृत्तीनंतरही लोक मला झाडांबद्दलच विचारतात, म्हणून जरा लांबण लागली तर सांभाळून घ्यावे.

तुमच्या प्रश्नात ‘देशी’ आणि ‘चिवट’ हे दोन शब्द आहेत, पण निवड ज्यावर ठरते तो तिसरा प्रश्न राहून गेला आहे : झाडाला एप्रिल आणि मे महिन्यांत पाने असतात का? आपल्याकडची बरीच देखणी देशी झाडे ही पानगळीच्या जंगलातली आहेत. उन्हाळ्यात पाणी वाचवण्यासाठी ती पाने टाकतात, म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याला सावली हवी नेमकी त्याच महिन्यांत ती उघडी असतात. सावर, पळस आणि पांगारा निष्पर्ण अवस्थेत फुलतात. बहावा मे महिन्यात पिवळ्या झुंबरांनी लगडतो तेव्हा त्याच्याकडे पाहत राहावे, पण त्याच्याखाली उभे राहून डोके तापायचे थांबत नाही. शिरीष हिवाळ्यातच पाने टाकून वाळक्या शेंगा खुळखुळवत राहतो. ही सर्व झाडे मला प्रिय आहेत आणि मोकळ्या मैदानाच्या कडेला ती अवश्य लावावीत. तुमच्या आईंच्या भिंतीसाठी मात्र ती उपयोगाची नाहीत. ज्यांना गुलमोहर हवा आहे त्यांनाही हेच सांगावे. तो मूळचा मादागास्करचा आहे, ही एक गोष्ट झाली; पण तो मार्च-एप्रिलमध्ये बराच काळ उघडा असतो, मुळे उथळ ठेवतो आणि भर पावसात अंगावर येतो, ही अडचण अधिक मोठी आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला, साधारण १५-१६ तारखेला, दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस तेच पुन्हा घडते, फक्त तेव्हा ढग असतात म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. याचा अर्थ असा की मेमध्ये सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, तर पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे सरकून मावळतो. तेव्हा तुमचा वायव्येचा कोपरा हीच सर्वांत मोलाची जागा आहे आणि ती सध्या एका गाडीला दिलेली आहे. उंचीचा हिशेबही करून पाहिला. मेच्या मध्याला दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून चाळीस-बेचाळीस अंशांवर असतो. इमारतीपासून दहा फुटांवर तीस फूट उंचीचे झाड असेल तर त्या वेळी त्याची सावली भिंतीवर सुमारे एकवीस फुटांपर्यंत चढते, म्हणजे तळमजला आणि पहिला मजला झाकला जातो. तुम्हाला पन्नास फुटी महावृक्षाची गरज नाही. मध्यम उंचीचे, दाट पानांचे झाड योग्य जागी असले तर काम होते.

आता झाडांची नावे. वायव्येच्या कोपऱ्यात करंज लावावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. करंज हा मूळचा किनाऱ्याचा आणि नदीकाठचा. खारी हवा, चार महिने मुळाशी साचणारे पाणी आणि पुढचे आठ महिने कोरडी जमीन हे सारे तो सोसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानगळ होते, पण ती इतकी थोडक्यात आटोपते की काही आठवड्यांतच झाड पोपटी, तुकतुकीत पालवीने भरून जाते आणि एप्रिलमध्ये सावली पुन्हा दाट झालेली असते. त्याची मुळे नत्र धरतात, त्यामुळे भरावाच्या निकस मातीतही तो तग धरतो. दोष सांगायचे तर पावसाळ्यानंतर पानांवर पांढऱ्या रेघा आणि गाठी दिसू लागतात, ते पाहून सोसायटीचे लोक घाबरतात आणि फवारणीवाल्याला बोलावतात. तसे काही करू नये. ती पाने गळतात आणि नवी येतात. एप्रिलनंतर फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचा सडा पडतो, त्यावर मधमाश्या असतात, पुढे शेंगा पडतात. झाडणाऱ्या माणसाला थोडे काम वाढते. पूर्वी कोकणात याच बियांचे करंजेल दिव्यात घालत असत.

करंजाचा घेर पंचवीस-तीस फुटांपर्यंत जातो, म्हणून चौदा फुटांच्या पट्टीत तो नको. तेथे बकुळ किंवा पुत्रंजीव यांपैकी निवड करावी. दोन्ही सदाहरित, दोन्हींचा डोलारा आटोपशीर आणि पाने दाट. बकुळ सावकाश वाढते, हे आधीच सांगून ठेवतो. पहिली पाच-सहा वर्षे तिच्याकडून भिंतीवरच्या सावलीची अपेक्षा धरू नये. परंतु एकदा वाढली की तिची सावली इतकी गच्च असते की दुपारी तिच्याखाली कवडसेदेखील मोजकेच पडतात. पुत्रंजीवाच्या बारीक फांद्या खाली झुकलेल्या असतात आणि त्याला कीड क्वचितच लागते. ताम्हण हा तिसरा पर्याय आहे, आपल्या राज्याचे फूल म्हणून सर्वांना माहीत असलेला. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडा पडतो, पण एप्रिलमध्ये पाने आणि जांभळी फुले बरोबरच घेऊन येतो. तो ओढ्याकाठचा असल्यामुळे उन्हाळ्यात पाणी मागतो, एवढे लक्षात असू द्यावे.

वड, पिंपळ, उंबर आणि नांदरूक यांना या पट्टीत जागा देऊ नये. हे वृक्ष थोरच आहेत, पण त्यांची मुळे पाण्याच्या मागावर असतात, आणि तुमच्याकडे तर चेंबरही आहेत आणि टाकीही. खोट्या अशोकाबद्दल एवढेच सांगतो की तो खांबासारखा वाढतो. रांगेने लावला तर आडोसा होतो, सावली होत नाही.

संख्येचा मोह टाळावा. साठ फुटांत सहा रोपे लावली की पाच वर्षे छान दिसते आणि मग ती एकमेकांना ढकलत रस्त्याकडे वाकतात. कोपऱ्यात एक करंज आणि पट्टीत पंचवीस फुटांच्या अंतराने दोन झाडे, एवढे पुरे. ती कुंपणापासून चार फुटांवर, म्हणजे इमारतीपासून दहा फुटांवर असावीत. ड्रेनेजची लाइनही त्यामुळे सहा फूट लांब राहते. टाकीच्या कोपऱ्यात काहीच लावू नये.

मुलुंडची_वाडी

वरचा प्रतिसाद वाचताना मला आमचा कदंब आठवला, आणि ‘दोन वर्षांत वर जाईल असे काहीही’ म्हणणाऱ्या सदस्यांसाठी तो प्रसंग लिहून ठेवते.

मुलुंडला आमचे जुने बैठे घर आहे. २०१४ साली आम्ही लवकर सावली हवी म्हणून कदंब लावला. तो देशी, पुराणांत नाव असलेला, आणि वाढ अशी की दरवर्षी माझे पती छतावर उभे राहून त्याची उंची मोजत. सहा वर्षांत तो घराच्या दुप्पट झाला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले त्या दुपारी त्याचा वरचा एक तृतीयांश भाग मोडून पडवीच्या पत्र्यांवर आला. मोडलेले लाकूड मी हातात घेऊन पाहिले, ते पांढरे आणि हलके होते, नखाने खूण उमटत होती. जे झाड घाईने वाढते ते लाकूड भरायला वेळ देत नाही, हे माळ्याने आम्हाला नंतर सांगितले. कदंब वाईट नाही, आजही तो पुन्हा फुटून उभा आहे आणि पावसाळ्यात त्याचे चेंडू फुलले की वाटसरू थांबतात. पण घराच्या इतक्या जवळ मी तो पुन्हा लावणार नाही.

सातविणीचाही विचार कोणी मांडेल म्हणून लिहिते. ती सदाहरित आहे, डोलारा सुंदर असतो, परंतु पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, ती फुलते तेव्हा रात्री तिचा वास इतका उग्र होतो की आमच्या शेजारच्या काकू महिनाभर खिडक्या लावून झोपतात. कुणाला तो वास आवडतो, कुणाचे डोके दुखते; बारा बिऱ्हाडांत दोन्ही प्रकारची माणसे असणारच.

मढ_किनारा

पार्ल्याला समुद्र दोन-तीन किलोमीटर लांब आहे, त्यामुळे पार्लेकरांना हे तितके लागू नाही. पण हा धागा वाचणारे काही जण वर्सोवा, मढ किंवा गोराईचे असतील. आमच्याकडे पश्चिमेचा वारा मीठ घेऊनच येतो. त्यात बकुळीची कोवळी पाने कडेने करपलेली मी पाहिली आहेत, ताम्हण तर दुसऱ्याच वर्षी गेला. टिकली ती उंडी आणि भेंड. उंडीची पाने जाड, चकचकीत आणि बारमाही असतात. वाढ संथ आहे, पण वाऱ्याला ती हटत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत तिचे लाकूड होडीसाठी आणि तेल दिव्यासाठी वापरले जाई. भेंड तिच्यापेक्षा लवकर वाढतो. सकाळी पिवळी असलेली त्याची फुले गळायच्या सुमारास तांबूस होतात. त्याच्या बियांवर लाल ढेकणांचे थवे जमतात, ते माणसाला काही करत नाहीत. भेंडाच्या फांद्या खालपासून फुटतात, तेव्हा सुरुवातीची चार वर्षे खालचे फाटे काढत राहावे लागते, नाहीतर झाडाऐवजी झुडूप तयार होते.

हिशेबी

मला एक शंका आहे आणि ती मी वादासाठी विचारत नाही. पार्लेकरांच्या इमारतीला पन्नास वर्षे ज्याने सावली दिली तो पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा होता. मुंबईतले सावलीचे जे रस्ते आपण मिरवतो त्यांवर परदेशातून आलेल्या झाडांचाच मोठा वाटा आहे. मग ‘देशी’ हा आग्रह सावलीसाठी आहे की मनाच्या समाधानासाठी? शिवाय आंबा आणि जांभूळ ही अस्सल देशी, सदाहरित, घनदाट सावलीची झाडे कोणीच सुचवली नाहीत, याचे आश्चर्य वाटते.

आळे_आणि_पाणी

शंका रास्त आहे. पर्जन्यवृक्षाने दिलेली सावली खोटी नव्हती आणि कोणी उभा असलेला पर्जन्यवृक्ष काढून तेथे करंज लावतो म्हणाला तर मीच त्याच्या आड येईन. परंतु आपण नव्याने लावतो आहोत, तेव्हा दोन गोष्टी पाहाव्यात. एकाच जातीची झाडे शहरभर लावली की एक कीड सगळ्यांना घेऊन जाते, हे या शहराने पिठ्या ढेकणाच्या रूपाने पाहिले आहे. त्यामुळे सगळ्यांनी उठून करंजच लावावा असेही मी म्हणणार नाही. आणि येथील झाडावर येथील जीव जगतात. करंजाच्या कोवळ्या पालवीवर काही फुलपाखरे अंडी घालतात, बकुळीची फळे पक्षी आणि वटवाघळे खातात. गुलमोहराखाली इतकी वर्दळ मी कधी पाहिली नाही. उन्हाळा कोरडा आणि पावसाळा धुवांधार, अशा हवेशी ज्या झाडाने हजारो वर्षे जुळवून घेतले आहे त्याला पहिल्या दोन वर्षांनंतर माझी गरज पडत नाही, हा माझ्या दृष्टीने सर्वांत व्यवहारी मुद्दा आहे.

जांभूळ मी मुद्दाम वगळले. सावली उत्तम, परंतु मे-जूनमध्ये फळे पडू लागली की पेव्हर ब्लॉक, गाड्या आणि वाळत घातलेले कपडे सारे जांभळे होते; मग सभेत झाड तोडण्याचा विषय निघतो. त्याच्या फांद्याही अचानक तुटतात. ज्यांच्याकडे मोकळे अंगण आहे त्यांनी जांभूळ जरूर लावावे. आंब्याबद्दल इतकेच की पट्टी अरुंद आहे आणि कैऱ्या लागल्या की गल्लीतून दगड येऊ लागतात. कडुनिंबाबद्दल कोणी विचारण्याआधी सांगतो : तो मुंबईत जगतो, परंतु मूळचा कोरड्या प्रदेशातला आहे, आणि ज्या जमिनीत जुलैभर पाणी हटत नाही तेथे मी करंजावर अधिक विसंबून राहीन.

पार्लेकर_पहिला_मजला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. करंजाची गोष्ट समितीला पटली आहे. आता लावण्याबद्दल विचारतो, कारण मागे आम्ही लावलेली चार रोपे दोन वर्षांत वाळून गेली आणि दोष कशाचा हे कळलेच नाही. माळी म्हणतो की माती खराब आहे. पेव्हर ब्लॉक किती काढावेत? आणि नंतर छाटणी करायची झाल्यास ती आपली आपण करता येते का?

आळे_आणि_पाणी

वाळलेली रोपे काढली तेव्हा मुळे पाहिली होती का? माझा अंदाज असा की ती पिशवीच्या आकारातच गुंडाळलेली सापडली असती. रोपवाटिकेत बहुतेक रोपे चिकट लाल मातीत भरलेली असतात. पिशवीत ती वर्षानुवर्षे राहिली की मुळे आतल्या आत गोल फिरतात. नंतर आपण ती हुंडी, म्हणजे मुळांसकटचा मातीचा गोळा, तशीच खड्ड्यात ठेवतो, उन्हाळ्यात लाल माती विटेसारखी घट्ट होते, वरून घातलेले पाणी बाजूने निघून जाते आणि मूळ आत कोरडेच राहते. म्हणून विकत घेताना सर्वांत उंच रोपाच्या मागे लागू नये. पाच-सहा फुटांचे, सरळ शेंड्याचे, खोड बुंध्याशी जाड असलेले रोप पाहावे आणि पिशवी उचलून तळ तपासावा. तळातून अंगठ्याएवढे मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेले असेल तर ते रोप तेथेच राहू द्यावे. लावताना पिशवी पूर्ण कापून काढावी, हुंडीच्या कडेची गोल फिरलेली मुळे धारदार कात्रीने तीन-चार ठिकाणी उभी कापावीत आणि बाहेरची माती हाताने थोडी मोकळी करावी. पाहणाऱ्याला हे निर्दयपणाचे वाटते, पण झाड त्यानंतरच बाहेर पाय पसरते.

खड्डा लांबी, रुंदी आणि खोली तीन-तीन फूट असावा. पार्ल्याच्या जुन्या इमारतींच्या कंपाउंडात पहिल्या दोन फुटांत विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि प्लास्टिक निघते. ते सर्व बाहेर काढावे, पुन्हा आत ढकलू नये. खड्डा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात खणून उन्हात तापू द्यावा. भरताना तीन भाग माती आणि एक भाग चांगले कुजलेले खत पुरते. नुसत्या खताने भरलेला खड्डा पावसात बसतो आणि झाड खोल जाते. लावायचे ते दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेल्यावर. रोपाचा बुंधा पिशवीत जेवढा मातीत होता तेवढाच राहावा, वर मातीचा ढीग करू नये.

पेव्हर ब्लॉकबद्दल थोडे सढळ हाताने वागावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांबाबत खोडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. ते किमान माप समजावे. तुम्ही प्रत्येक झाडासाठी सहा फूट लांब-रुंद जागा उघडी ठेवावी आणि तेथे पालापाचोळ्याचा चार बोटे थर कायम असू द्यावा. सेक्रेटरींना जो कचरा वाटतो तो येथे कामी येतो. फक्त तो थर खोडाला चिकटू देऊ नये.

आधारासाठी दोन बांबू लावावेत आणि ते नैर्ऋत्येच्या बाजूला असावेत, कारण पावसाळी वारा तिकडून येतो. बांधताना सुतळीचा चारच्या आकड्यासारखा सैल वेढा द्यावा, म्हणजे खोड बांबूवर घासत नाही आणि वाऱ्यात थोडे डोलू शकते. डोलल्यानेच ते जाड होते. लोखंडी पिंजरा लावला तर तो तिसऱ्या वर्षी काढायची जबाबदारी आजच कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. पिंजऱ्याची कडी सालीत रुतून दोन्ही बाजूंनी ओठासारखी साल वाढलेली झाडे या शहरात तुम्हाला कुठल्याही फुटपाथवर दिसतील. अशा खोडाचा वरचा भाग पुढे त्याच जागी मोडतो.

पाण्याचे म्हणाल तर पहिली दोन वर्षे ऑक्टोबर ते मे आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी दीड-दोन बादल्या, सावकाश जिरेल असे द्यावे. रोज तांब्याभर पाणी घातल्याने मुळे वरच राहतात. बहुतेक रोपे पावसाळ्यात मरत नाहीत. ती ऑक्टोबरच्या उन्हात मरतात, कारण तोपर्यंत लावण्याचा उत्साह ओसरलेला असतो आणि पाऊस जाऊन पंधरा दिवस झाल्याचे कुणाच्या लक्षात नसते.

छाटणीबद्दल : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा खासगी जागेतील झाडांनाही लागू आहे. तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीची वाट पाहावी लागते आणि फांद्या छाटायच्या झाल्या तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करूनच पुढे जावे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून आणखी संरक्षण आहे. यात त्रास मानण्यासारखे काही नाही. जागा आज नीट निवडावी, एवढाच त्याचा अर्थ. रोप लहान असतानाच एक मुख्य शेंडा राखावा आणि आठ फुटांखालचे फाटे दरवर्षी एक-दोन करून काढावेत. सगळे एकदम काढले तर खोड बारीक राहते.

शेवटचे म्हणजे, समितीतील दोघा-तिघांना घेऊन एका रविवारी सकाळी राणीच्या बागेत जाऊन या. तेथील जुनी, पूर्ण वाढलेली झाडे पाहिली की रोपाच्या पिशवीकडे पाहण्याची नजर बदलते. रोपांसाठी धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानातही विचारून पाहावे. ती जागा एके काळी कचऱ्याची होती, तेव्हा खराब मातीची सबब सांगणाऱ्या तुमच्या माळ्यालाही बरोबर न्यायला हरकत नाही.

मुलुंडची_वाडी

एक छोटीशी भर. बकुळ वाढेपर्यंतच्या पाच-सहा वर्षांचे काय, हा प्रश्न राहिलाच आहे. आमच्याकडे पश्चिमेच्या खिडकीबाहेर आम्ही भिंतीपासून दीड हात अंतरावर तारा ताणून त्यांवर मधुमालती सोडली होती. ती लवकर चढते. भिंतीला ती थेट चिकटू देऊ नये, मधे हवा खेळती राहिली पाहिजे. शिवाय पावसाळ्याआधी तिला कातरावे लागते, नाहीतर तारांसकट खाली येते. दोन उन्हाळे तिने चांगले काढून दिले.

पार्लेकर_पहिला_मजला

आज समितीची बैठक झाली, म्हणून कळवतो. कोपऱ्यात करंज आणि पट्टीत दोन झाडे हे मान्य झाले. त्या दोनांपैकी एक पुत्रंजीव असेल. दुसरे ताम्हण लावावे असे माझे मत होते, पण आईने ते ऐकून घेतले नाही. ती वेंगुर्ल्याकडची, तिच्या माहेरी बकुळीला ओवळ म्हणतात आणि पहाटे पडलेली फुले वेचून त्यांचे वळेसर करण्यात तिचे बालपण गेले. बकुळ सावकाश वाढते, सावली यायला सहा वर्षे लागतील, असे मी तिला स्पष्ट सांगितले. ‘सावली तुमच्यासाठी लावा, मला फुलं कधी येतील ते विचार,’ असे तिने सांगितले आहे. तेव्हा आळे_आणि_पाणी यांनी तेवढे कृपया कळवावे. पहिल्या मजल्याबाहेर मधुमालतीच्या तारा ताणण्याचे काम येत्या रविवारी होईल.

खड्डे १८ मेपासून खणायला घेऊ. कोपऱ्यातली गाडी ज्यांची आहे ते सदस्य बैठकीला आले नव्हते. त्यांना पुढच्या बाजूची जागा द्यावी लागेल, आणि ती सेक्रेटरींच्या स्कूटरची आहे.

आळे_आणि_पाणी

बियांपासून केलेली बकुळ फुलायला बरीच वर्षे घेते. रोपवाटिकेत विचारून आधीच फूल धरलेले, थोडे मोठे रोप निवडावे; त्याची उंची कमी असली तरी चालेल. मुळे मात्र मी वर लिहिल्याप्रमाणे नीट तपासून घ्या, कारण अशी रोपे पिशवीत जास्त काळ राहिलेली असतात. फुले फेब्रुवारीपासून पडू लागतील, आणि ती जागा झाडणाऱ्याला सकाळी आठच्या आधी झाडू नये असे सांगून ठेवावे लागेल.